खैरगावच्या शिवारातली पेटी

"...आणि चुकलं तर?"

दस्तगीर चाचांनी विचारलं, तेव्हा कल्याणी पेटीला शेवटची चिकटपट्टी लावत होती. तिने मान वर केली नाही.

"चुकणार नाही, चाचा."

"बरं. पण चुकलं तर?"

"उमरवाडीच्या माळावरच पडणार. मी सतरा वेळा गणित केलंय."

फुग्याच्या मानेची गाठ चाचांनी पुन्हा एकदा बोटांनी चाचपून पाहिली.

फुगा चांगला दोन पुरुष उंच होता. त्याच्याखाली नारंगी पॅराशूट, आणि पॅराशूटखाली थर्मोकोलची पेटी. पेटीत एक कॅमेरा, एक बॅटरी आणि काड्यापेटीएवढा रेडिओ. विमानं उडतात त्याच्या तिप्पट उंचीवर जाऊन फुगा फुटणार होता. मग पॅराशूटच्या आधाराने पेटी खाली येणार, आणि येता येता आपण कुठे आहोत ते रेडिओवरून सांगत राहणार. ते ऐकत ऐकत मागे जायचं आणि पेटी उचलून आणायची. नाहीतर वरून काढलेले सगळे फोटो कुठल्यातरी शेतात पडून राहणार.

पेटीवर कल्याणीने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : घाबरू नका, ही शाळेची पेटी आहे.

ती दहावीत होती. पेटी बनवायला तिला दोन वर्षं लागली होती. मार्चनंतर ती शाळेत नसणार होती, म्हणजे हा फुगा पहिला आणि शेवटचा. पेटी हरवली तर दुसरी नव्हती.

चाचा एकतीस वर्षं पोलिसांच्या वायरलेसवर होते. निवृत्त झाल्यावर ते शाळेतल्या मुलांना हौशी रेडिओ शिकवायला येऊ लागले. सुरुवातीला मुलं त्यांना सर म्हणायची. पण ते खिशातून शेंगदाणे काढून द्यायचे, म्हणून हळूहळू त्यांचे चाचा झाले. कल्याणी त्यांची सर्वांत हुशार विद्यार्थिनी होती. हे सगळ्या शाळेला माहीत होतं. कल्याणीलाही.

"सोडू?" तिने विचारलं.

"तुझा फुगा आहे. मला काय विचारतेस?"

तिने हात सोडले. मैदानावरची पोरं ओरडली. फुगा लिंबाएवढा झाला, मग मोत्याएवढा, मग दिसेनासा झाला.

चाचा अजून वर बघत होते.

"काय दिसतंय, चाचा?"

"काही नाही."

"मग बघताय काय?"

"गेला तिकडं बघतोय..."

*

व्हॅन चाचांची होती आणि चाचांएवढीच सावकाश चालायची. कल्याणी पुढे बसली. तिच्या मांडीवर हातातला रेडिओ होता. रेडिओला जोडायचा अँटेना तिने स्वतः बनवला होता, गवंड्याच्या लोखंडी टेपच्या पट्ट्या कापून, पाइपच्या तुकड्यांवर आडव्या बसवून. तो ज्या दिशेला धरावा, तिकडचा आवाज मोठा येतो.

साडेअकराला शाळेच्या गच्चीवरून शुभदा बोलली. शुभदा कल्याणीची मैत्रीण. गच्चीवरचा उंच अँटेना दिवसभर सांभाळायचं काम तिच्याकडे होतं.

"कल्याणी, ऐक. फुगा फुटला. पेटी खाली येतेय. शेवटचा पत्ता खैरगावच्या पूर्वेचा. त्यानंतर माझ्याकडे सगळं गप्प. ओव्हर."

"खैरगाव? शक्य नाही. नीट वाच."

"दोनदा वाचलं, बाई. मला वाचता येतं. ओव्हर."

"वर थंडी फार असते. यंत्र गारठलं असणार. चुकीचा पत्ता देतंय."

"बरं. यंत्राला स्वेटर घालायला हवा होता मग. ओव्हर."

चाचा हसले. कल्याणी हसली नाही.

पुढे रस्त्याला दोन फाटे होते. डावा उमरवाडीचा, उजवा खैरगावचा. चाचांनी व्हॅन थांबवली.

"कुठं घेऊ?"

"उमरवाडी."

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. मग चाक डावीकडे वळवलं.

*

उमरवाडीच्या माळावर कुसळं होती, दगड होते आणि ऊन होतं.

कल्याणी अँटेना डोक्यावर धरून चालत राहिली. शंभर पावलं पूर्वेला. शंभर पावलं उत्तरेला. रेडिओ खरखरत होता, पण पेटीचा आवाज त्यात नव्हता. चाचा पाण्याची बाटली घेऊन तिच्या मागे मागे.

"इथंच असणार," ती म्हणाली.

"हं."

थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "खालचा वारा उलटा असतो. तो तिला इकडेच घेऊन येणार."

"हं."

"तुम्ही नुसतं हं का म्हणताय?"

"पाणी पी."

ती पाणी प्यायली. मग माळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आली. तिच्या सॉक्सभर कुसळं भरली होती. हात दुखत होते, पण तिने अँटेना चाचांकडे दिला नाही.

पाऊण वाजला. दीड वाजला. अडीच वाजले.

पेटीतली बॅटरी चार वाजेपर्यंत टिकणार होती. हेही तिनेच मोजलं होतं.

पावणेतीनला ती एका दगडावर बसली. कुसळं काढायचं निमित्त करून बराच वेळ खाली बघत राहिली.

"चाचा..."

"बोल."

"इथं नाही."

चाचांनी खिशातून व्हॅनची किल्ली काढली. बाकी काहीच म्हणाले नाहीत. ते काहीतरी बोलले असते तर बरं झालं असतं, असं कल्याणीला वाटलं.

*

खैरगावच्या अलीकडचा ओढा ओलांडला आणि मांडीवरचा रेडिओ बोलायला लागला.

टीं... टीं... टीं...

"चाचा! तीच! आपलीच आहे!"

"पत्ता सांगतेय का?"

तिने कान लावला. "नाही. नुसती टीं-टीं."

"मग उताणी पडली असेल. आकाशातले उपग्रह दिसत नाहीत तिला, म्हणून आपण कुठं आहोत ते तिलाच कळत नसेल."

शाळूचं शिवार डोक्याएवढं उभं होतं. एक मावशी बांधावर बसून भाकरी सोडत होती.

"मावशी, आमची एक पेटी वरून पडलीय तुमच्या शिवारात," चाचा म्हणाले. "शोधली तर चालेल का?"

"वरनं? म्हंजी इमानातनं?"

"फुग्यातून."

"फुग्यातनं!" मावशीने भाकरी खाली ठेवली. "शोधा की. पर कणसं मोडू नगा. मोडली तर ती पेटी मलाच ऱ्हायली."

साडेतीन वाजत आले होते.

कल्याणी अँटेना घेऊन आत शिरली. आवाज मोठा होता. ती डावीकडे वळली... मोठा. उजवीकडे वळली... तेवढाच मोठा. अँटेना ओढ्याकडे धरला, गावाकडे धरला, मावशीकडे धरला. सगळीकडून तीच टीं-टीं. रेडिओच्या पडद्यावर आवाजाची पट्टी काठोकाठ भरली होती आणि हलायला तयार नव्हती.

"असं कसं?" तिचा आवाज चिरकला. "आता चारही बाजूंनी येतोय! सकाळी ऐंशी किलोमीटरवरून दिशा दाखवत होता हा अँटेना!"

"तेव्हा ती लांब होती," चाचा म्हणाले.

"मग आता जवळ आलो तर जास्त नीट दाखवायला हवं ना!"

"हवं खरं..."

त्यांनी हात पुढे केला. कल्याणीला वाटलं, आता तरी चाचा अँटेना घेऊन दिशा काढतील. तिने दिला. चाचांनी तो रेडिओपासून फिरवून सोडवला, काखेत मारला आणि नुसता रेडिओ तिच्या हातात परत दिला.

"चाचा, हे काय?"

"शोध."

"अँटेनाशिवाय? बहिऱ्यासारखं?"

"इतक्या जवळ त्या अँटेनाचे कान बसलेत. आता ऐकायला येतंय का बघ."

तिने ऐकलं. टीं-टीं होती, पण लांबून आल्यासारखी, बारीक.

"येतंय. पण दिशा कशी कळणार? दिशा दाखवायची ती वस्तू तुमच्या काखेत आहे!"

"रेडिओ छातीशी धर. दोन्ही हातांनी. असा, पोथी धरतात तसा. आणि जागच्या जागी फिर. हळू."

"आणि आवाज मोठा येईल तिथं थांबू?"

"नाही. आवाज मरेल तिथं थांब."

कल्याणी त्यांच्याकडे बघत राहिली. बॅटरीची वीस मिनिटं उरली होती, आणि चाचांना गंमत सुचत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण दोन्ही हातांत रेडिओ होता.

ती फिरू लागली.

"गं बया!" मावशी बांधावरून ओरडली. "पोरीच्या अंगात आलं का वो?"

"आता उतरेल, मावशी," चाचा म्हणाले.

टीं... टीं... कल्याणीचं तोंड ओढ्याकडे आलं. टीं... गावाकडे आलं. टीं... शाळूच्या दाट पट्ट्याकडे आलं, आणखी थोडं वळलं. तिथं मावशीचं खोपट होतं.

आवाज बंद झाला.

ती घाबरून थांबली. "बॅटरी गेली!"

"थोडी पुढं फिर."

ती फिरली. टीं... टीं... परत मागे आली. पुन्हा शांत.

"इथं मरतोय," ती म्हणाली. "खोपटाकडे तोंड केलं की मरतोय."

"मग पेटी कुठं आहे?"

"खोपटाकडे नाही, एवढं नक्की. तिकडून तर काहीच येत नाही."

"मग?"

कल्याणीने पुन्हा एकदा खोपटाकडे बघितलं.

"तिकडून येत नाही, की तुझ्यापर्यंत पोचत नाही?"

रेडिओ छातीशी होता. समोर खोपट होतं. समोर मोकळी हवा होती, आवाज अडेल असं काहीच नव्हतं. तिने खाली पाहिलं. रेडिओच्या आणि बाकी सगळ्या शिवाराच्या मध्ये एकच गोष्ट होती.

ती हळूच मागे वळली.

टीं. टीं. टीं.

"मीच..." ती म्हणाली. "मीच मध्ये उभी होते."

चाचा शाळूचं एक पान सरळ करत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

ती चालू लागली. दर वीस पावलांवर थांबायची, रेडिओ छातीशी धरून फिरायची, आवाज मेला की पाठ ज्या बाजूला असेल तिकडे निघायची. आता तिला घाई नव्हती. कणसं हाताने बाजूला सारून ती तिरपी तिरपी जात होती. एकही मोडलं नाही.

चौथ्या वेळी फिरली तेव्हा पाठीमागच्या दोन सऱ्यांमध्ये नारंगी कापड दिसलं.

पेटी खरंच उताणी पडली होती. एक कोपरा चेपला होता. कल्याणी मातीतच बसली आणि तिने पेटी मांडीवर घेतली.

चार वाजायला सहा मिनिटं होती.

*

मावशीने दोघांना भाकरी दिली, वर मिरचीचा खर्डा. पेटी तिने हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"येवढीशी? आन हिच्यापायी दिसभर?"

"हो, मावशी," कल्याणी म्हणाली.

"ह्यात असतंय तरी काय?"

"फोटो. लई वरून काढलेले. तुमचं शेत पण असेल त्यात."

"अगं मग आधी सांगायचं! मी लुगडं तरी बरं नेसले असते."

कल्याणी इतकी हसली की खर्डा नाकात गेला. सकाळपासून ती पहिल्यांदाच हसत होती.

रेडिओवर शुभदा ओरडत होती. "सापडली का? कुणीतरी बोला! सगळी शाळा थांबलीय! ओव्हर!"

कल्याणीने बटण दाबलं. मग सोडलं. मग पुन्हा दाबलं.

"सापडली. खैरगावला. तुझा पत्ता बरोबर होता, शुभदा. ओव्हर."

शुभदा एकदम हळू म्हणाली, "बरं. लवकर या. ओव्हर."

ऊन उतरलं. दोघं व्हॅनकडे निघाले. चाचांच्या काखेत अजूनही टेपचा अँटेना होता, आणि चालताना त्याच्या पट्ट्या थरथरत होत्या.

"चाचा."

"बोल."

"सकाळी फाट्यावर तुम्हाला माहीत होतं ना? खैरगाव म्हणून?"

"वाटत होतं."

"मग व्हॅन डावीकडे का घेतली?"

"तू सांगितलंस."

"आणि माळावर? पावणेतीनपर्यंत नुसते माझ्या मागे फिरलात. एकदा तरी म्हणायचं, चल म्हणून."

चाचांनी व्हॅनचं दार उघडलं. अँटेना जपून मागच्या सीटवर ठेवला.

"आणि तेवढ्यात बॅटरी संपली असती तर?"

"तर पेटी गेली असती."

"दोन वर्षांची पेटी, चाचा!"

"हं..."

त्यांनी तिच्या सॉक्समध्ये राहिलेलं एक कुसळ वाकून काढलं, उन्हात धरून बघितलं आणि फेकून दिलं.

"पेटी दुसरी करता येते, पोरी."