महाराजांच्या डोक्यावरची शिंगं

फोटोत पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की महाराजांना शिंगं होती.

चांगली हातभर लांब, दोन्ही कानांवरून निघून मागे वळलेली! उल्का कॉम्प्युटरसमोरच किंचाळली.

मोरखंडीच्या दरबारात तिचे वडील, अण्णा, फोटोग्राफर होते. त्या सकाळी पशुमेळ्यात राणीसाहेबांची लाडकी म्हैस, लवंगी, पहिली आली. बक्षीस मिळताच महाराज गजेंद्रराजे ऐटीत तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि अण्णांनी घाईघाईत बटण दाबलं. लवंगीचं तोंड राजांमागे झाकलं गेलं. शिंगं तेवढी उरली!

"फोटो काढलास ना?" फोटो बघताच महाराज भर दरबारात अण्णांवर गरजले. "आता जन्मभर शेण काढ! चल गोठ्यात!"

उल्काच्या तोंडातून निघून गेलं, "महाराज, मी दुरुस्त करते. फोटोत मागं नको ते आलं असेल तर आजकाल घालवता येतं."

"नको ते?" राणीसाहेब ताडकन उठल्या. "माझ्या लवंगीचा एक केस पुसायचा नाही! तिला धूसर करायचं नाही! जागची हलवायची तर मुळीच नाही!"

"आणि माझ्या डोक्यावर छत्री, ढग, झाड असलं काही आणायचं नाही," महाराज म्हणाले. "पण तिथं शिंगं दिसता कामा नयेत! संध्याकाळी हा फोटो वेशीवर लागणार. जमलं तर बाप सुटला. नाही जमलं, तर तुझ्यासाठीही शेणाची एक पाटी तयार आहे!"

कॉम्प्युटरच्या खोलीला बाहेरून कडी लागली. उल्का दचकली. दचकताना माऊस खाली पडला, त्या आवाजाला ती पुन्हा दचकली.

पुसावं? राणीसाहेब! धूसर करावं? राणीसाहेब! कडेनं कापावं? महाराजांचे कान जातात!

तिनं खिडकीतून हाक मारली, "अण्णाऽऽ!"

खाली गोठ्याच्या दारात लवंगी आडवी उभी होती आणि डोक्यावर पाटी घेतलेले अण्णा तिला ढकलत होते. "सरक गं बाई! सरक ना!" लवंगीनं शेपटीसुद्धा हलवली नाही. शेवटी अण्णाच अंग चोरून कडेनं निघाले.

उल्का बघत राहिली. मग एकटीच फिदीफिदी हसत सुटली. महाराज समोर येण्याआधी अण्णांनी लवंगीचा एकटीचाही फोटो घेतला होता. तो तिनं शोधला आणि कामाला लागली.

दुपारी दरबारात पडद्यावर फोटो झळकला.

"अगबाई! माझ्या लवंगीचं तोंड!" राणीसाहेबांनी टाळी वाजवली. "हारसुद्धा दिसतोय!"

महाराज मात्र डोळे फाडून बघत होते. म्हैस होती तिथंच होती. ते स्वतः हातभर बाजूला उभे होते!

"अगं ए! मला हलवलंस? मला?"

उल्का एक पाऊल पुढे आली. "पुसायचं नाही, हलवायचं नाही, हा हुकूम लवंगीपुरता होता, महाराज. महाराजांना हलवू नये, असं कुणी म्हणालंच नाही."

"पण सरकायचं ते मीच का?"

"तिला अण्णा कधीचे सांगताहेत, ती ऐकत नाही. म्हटलं, दोघांत जो समजूतदार असेल त्यालाच सांगावं!"

राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला. महाराजांच्या मिशा थरथरू लागल्या.

"आणि माझी शिंगं?"

"जिची तिला परत केली, महाराज!"

महाराज असे काही हसले की पगडी मांडीवर येऊन पडली! त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून उल्काला दिलं. "बाप सुटला! आणि आजपासून फोटोत कुणी कुठं उभं राहायचं, ते ही पोरगी ठरवेल. आम्ही कुठं, तेसुद्धा!"

उल्का खिडकीकडे धावली. "अण्णाऽऽ! सुटलात!"

ती आणखी वाकली. "अहो अण्णाऽऽ! वर या!"

आणि मग गोठ्याच्या आतून, लवंगीच्या पलीकडून, एकदाची ओ आली:

"आलो असतो गं! पण आधी हिला कुणीतरी सरकायला सांगा!"