आपल्याच दहाव्याला

“मग कावळा का शिवत नाही, बाबा?”

यज्ञेश्वरने हे हसत विचारलं. हसू दाबायचा प्रयत्न त्याने केला नाही असं नाही, पण ते ओठांवर आलंच.

भर दुपारची वेळ. नदीच्या अलीकडच्या काठावर बाभळीखाली दोघे बसले होते. पलीकडच्या घाटावर यज्ञेश्वरचा दहावा चालला होता.

होय, यज्ञेश्वरचाच. त्याने ख्रिस्ताचं नाव घेतलं, याच नदीच्या डोहात बाप्तिस्मा घेतला, आणि त्याच्या वडिलांनी, तात्यांनी, दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. मग अंघोळ केली आणि थोरला गेला म्हणून गावाला सांगितलं. चुलत्यांनी वर निरोप धाडला की, पुन्हा या काठाला दिसू नकोस, मेलेल्याला मारायला पाप लागत नाही.

बाप्तिस्मा दिला तो आता शेजारी बसलेल्या शांतवनबाबांनी. म्हातारा उभा जन्म त्याच नदीकाठी उपदेश करत राहिलेला, लोकांचे दगडही खाल्लेले आणि शिव्याही. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते.

“काय करत्यात आता?” बाबांनी विचारलं.

“पिंड मांडलाय आणि सगळे लांब सरकलेत. समोरच्या चिंचेवर कावळ्यांचा नुसता बाजार भरलाय. पण एकही खाली उतरत नाही.”

“वरडत्यात?”

यज्ञेश्वरने कान दिला...

“नाही.”

हे त्याच्या आत्ताच लक्षात आलं. एवढे कावळे होते आणि एकाचाही आवाज नव्हता. चिंचेचं पानसुद्धा हलत नव्हतं.

“कुठं बघत्यात?”

“पिंडाकडे. दुसरं कुठे बघणार?”

असं म्हणता म्हणता तो थांबला. कावळे पिंडाकडे बघत नव्हते. सगळ्यांच्या चोची नदीकडे होत्या. नदीच्या अलीकडे, बाभळीकडे.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण गडी शिकलेला. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं त्याने स्वतःला बजावलं आणि पुन्हा हसून दाखवलं. बाबांना दिसत नाही हे तो तेवढ्यापुरतं विसरला.

“बरंच झालं म्हणायचं,” तो म्हणाला. “संध्याकाळच्या गाडीने मी नगरला जातो. रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढे हीच साक्ष देईन. घरच्यांनी मेला म्हटलं, कावळ्याने जिवंत म्हटलं! बाबा, मला मारलं, कोंडलं, उपाशी ठेवलं. मी तसूभर ढळलो नाही.”

“न्हाई ढळलास,” बाबा म्हणाले. “कावळाबी ढळंना.”

यज्ञेश्वरला हे लागलं. पण तो काही बोलायच्या आत पाण्यावरून भटजींचा आवाज आला. स्वच्छ, अगदी कानाशी बोलल्यासारखा. त्यांनी यज्ञेश्वरचं नाव घेतलं आणि त्याच्यापुढे ‘प्रेत’ हा शब्द लावला.

आपलं नाव ऐकलं की माणूस ओ देतोच. यज्ञेश्वरच्या तोंडून ‘ओ’ निघता निघता राहिला.

त्याने स्वतःचं मनगट घट्ट धरलं. एवढ्या उन्हात ते गार लागलं.

“आई आलीया का?” बाबांनी विचारलं.

“आलीय. बायकांनी घाटावर येऊ नये, तरी आलीय. उन्हातच बसलीय.”

पलीकडे भटजी म्हणत होते, फार वेळ झाला, आता दर्भाचा कावळा करून शिववू आणि उठू. तेवढ्यात आईचा आवाज आला. “नको. खराच शिवू दे. तोवर मला पाणीसुद्धा नको.”

मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढे येऊन मेलेल्याची समजूत घालू लागला. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, आईला मी अंतर देणार नाही. तू काळजी करू नको.”

कावळे जागचे हलले नाहीत.

आई उठली. तिचा तोल गेला, कोणीतरी तिला सावरलं. हात जोडून ती म्हणाली, “यज्ञू, तू धरलास त्याच देवापाशी सुखात राहा रे बाळा. मी तुला परत ये म्हणणार नाही.”

यज्ञेश्वर ताडकन उभा राहिला. घरातल्या एकाने तरी हे म्हणावं, म्हणून त्याने रात्रंदिवस प्रार्थना केली होती.

“ऐकलंत, बाबा? आता उतरेल!”

दोघे वाट बघत राहिले...

चिंच तशीच गच्च भरलेली होती. चोची तशाच इकडे वळलेल्या होत्या.

“तुजं काय राह्यलंय, लेकरा?” बाबांनी हळूच विचारलं.

“माझं? मी काय मेलोय का?”

“मी तुला ह्या डोहात बुडवला. कशापायी?”

“जुना माणूस मरावा म्हणून.”

“मेला?”

“मेला.”

“मंग पल्याड कोन अडून बसलंय?”

यज्ञेश्वरने पलीकडे घाटाकडे पाहिलं.

“जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई म्हनत्यात,” बाबा म्हणाले. “तुजी तर मेल्यावरबी जाईना. कावळ्याचं मला काय कळत न्हाई, बाबा. तुज्या आईला तहान लागलीया, येवढं कळतं.”

यज्ञेश्वर तात्यांकडे बघत राहिला. ते सगळ्यांपासून थोडे बाजूला ताठ उभे होते. सकाळपासून ते एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी मेलेल्याची समजूतही घातली नव्हती.

“तात्यांनी रडावं.”

हे कोण बोललं ते यज्ञेश्वरला क्षणभर कळलं नाही. आवाज त्याचाच होता, पण तो लहान मुलाचा वाटत होता.

“एकदाच. सगळ्यांदेखत. आपलं चुकलं म्हणून त्यांनी रडावं, बाबा. चुलते मला मारत होते, तेव्हा मी प्रभूचं नाव घेत होतो... पण बघत होतो तात्यांच्या तोंडाकडे. आता तरी रडतील, आता तरी रडतील, म्हणून बघत होतो.”

तो बाबांकडे वळला.

“मी टिकलो तो कशासाठी टिकलो, बाबा?”

“त्ये तूच सांगायचं... आन् न्हाई रडले, तर?”

यज्ञेश्वर मटकन खाली बसला. त्याने तोंड ओंजळीत झाकलं. नगरची मंडळी, ती साक्ष, लोकांचे भरून आलेले डोळे, सगळं त्याला आठवलं आणि फार लाज वाटली.

“नाही रडले तरी असू दे,” शेवटी तो म्हणाला. “माझं त्यांच्याकडे काही मागणं नाही. देवा, आईला पाणी पिऊ दे.”

पलीकडे फांदी करकरली.

एकच कावळा उडाला. पण तो पिंडाकडे गेला नाही. नदी ओलांडून तो सरळ बाभळीकडे आला, यज्ञेश्वरच्या डोक्यावरून इतका खालून गेला की पंखांचा वारा त्याच्या कपाळाला लागला. मागे फिरून तो पुन्हा नदीपार गेला, आणि घाटावर उतरून त्याने पिंडात चोच घातली.

“शिवला! शिवला!”

चिंचेवरचे सगळे कावळे एकदम ओरडायला लागले. भावाने आईच्या ओंजळीत पाणी ओतलं. ती प्यायली, पुन्हा ओंजळ धरली, पुन्हा प्यायली.

यज्ञेश्वर निश्चल बसला होता. ते पाणी आपल्याच घशाखाली उतरतंय असं त्याला वाटलं. मनगट अजून गारच होतं, पण आता त्याची भीती वाटत नव्हती.

“बाबा...”

“बोल.”

“तात्या खाली बसलेत. उपरणं तोंडात धरलंय.” त्याचा आवाज फुटला. “रडताहेत, बाबा. मी खरंच गेलो असं वाटलंय त्यांना. बघवत नाही मला.”

बाबांनी हातानेच चाचपून आपली काठी शोधली आणि त्याच्यापुढे धरली.

“डोहाच्या खालच्या अंगाला पानी कमरेच्या वर न्हाई. ही टेकत जा.”

यज्ञेश्वरने काठी घेतली. पाण्याच्या कडेला जाऊन तो थबकला. पलीकडे चुलते आत्ताच वळले होते. त्यांना काठावरचं माणूस दिसलं असावं, कारण त्यांनी वाकून जमिनीवरून काहीतरी उचललं.

“बाबा, चुलत्यांनी बघितलं मला. ते बोलल्याप्रमाणे करतील. मला मारतील.”

बाबांनी पांढरे डोळे आवाजाच्या रोखाने वळवले.

“जा की, लेकरा. आता तुला कोन मारनार?”