सोन्याचे जोडे आणि कोकमाचे तेल

एका राज्यात धावणाऱ्याला राजाखालोखाल मान होता, पण त्याच्या पायांना मात्र कुणी विचारीत नव्हते. रीतच तशी! धावकाने पाय कुणाला दाखवू नयेत, फोड आला, नख उपटले, तरी 'दुखतंय' हा शब्द तोंडातून काढू नये. काढला की त्याची धाव गेलीच म्हणून समजा. अहो, चांगल्या शहाण्यासुरत्या लोकांनी हे खूळ पिढ्यान्‌पिढ्या जपले होते.

विकटसेन नावाच्या जादूगाराने ते बरोबर हेरले. त्याने राजा मणिध्वजाला सोन्याचे जोडे नजर केले आणि म्हणाला, "महाराज, हे घालील तो हरणार नाही." जोडे रिकामे असले की शर्यतीत पहिला येईल त्याच्या पायांत ते जोडे चढू लागले. एकदा चढले की निघत नसत. तो गडी तीन वर्षे जिंके, आणि चौथ्या वर्षी शर्यतीच्या वाटेवर त्याच्या जागी दगडी पुतळा उभा दिसे, शेजारी रिकामे जोडे. लोक म्हणत, "देवाने स्मारक केले हो!" आणि पुतळ्याला हार घालीत. असे सात पुतळे झाले.

मग जोडे निंबाजीला मिळाले. तो तीनदा जिंकला. सातही पुतळ्यांना त्याने भक्तिभावाने हार घातले. एके सकाळी हातातली काठी चुकून त्याच्या जोड्याच्या फटीतून करंगळीवर आपटली आणि करंगळी दगडासारखी वाजली, टक्क! ते पुतळे म्हणजे दगड झालेले धावकच, हे निंबाजीला त्या क्षणी कळले.

बांधावरची टिटवी म्हणाली, "निंबाजी, परवा सूर्य मावळला की आठवा पुतळा तू."

"उपाय सांग."

"तीन कामे. उत्तरेच्या ऊनऊन झऱ्याचे पाणी आण. लंबनख राक्षसाची नखे काढायची नऱ्हाणी आण. आणि ज्या माणसापासून पाय सर्वांत जास्त लपवलेस, त्याच्या मांडीवर ते ठेवून खरे काय ते बोल."

"पहिली दोन करीन," निंबाजी म्हणाला. आणि काठी उचलून उत्तरेला निघाला.

झऱ्यावर सात फण्यांचा नाग होता. "नरा, पाणी कशाला?"

"पाय धुवायला."

"मला पायच नाहीत, माझी काय हरकत? ने. पण धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या कर. ओल राहिली तर सगळे फुकट."

दुसऱ्या दिवशी लंबनख भेटला. त्याची नखे कोयत्याएवढी वाढून मांसात रुतली होती आणि तो गुहेत कण्हत बसला होता. "माझी नखे काढ, मग नऱ्हाणी तुझी," तो म्हणाला. निंबाजी कोपरे कोरायला लागला, तसा राक्षस ओरडला, "सरळ काप रे, सरळ! कोपरे कोरून कोरूनच ही दशा झाली." निंबाजीने वीसही नखे सरळ कापली. राक्षसाने सुटकेचा असा सुस्कारा टाकला की गुहेतली वटवाघळे बाहेर पडली.

तिसऱ्या दिवशी उन्हे कलली. दगड गुडघ्यापर्यंत चढला होता. काठी टेकीत, पाय ओढीत निंबाजी घरी आला. बायको मंजुळा ओसरीवर तांदूळ निवडीत होती. तीन वर्षे तो तिच्याशेजारी जोडे घालून निजत होता आणि "व्रत आहे" म्हणून सांगत होता.

"मंजुळे, सूप बाजूला ठेव."

त्याने पाय तिच्या मांडीवर ठेवले. सूर्य डोंगराला टेकला. भीतीने त्याला घाम फुटला, आणि भीतीपेक्षाही लाज वाटली. अखेर तो म्हणाला, "दुखतंय."

मग बांध फुटल्यासारखा बोलला, "फार दुखतंय गं. तीन वर्षं दुखतंय."

खळ्ळकन जोडे गळून पडले.

"अगंबाई!" मंजुळेने दगडावरही उमटलेले फोड पाहिले, टाचांच्या भेगा पाहिल्या, काळे पडलेले नख पाहिले. "हे असले पाय घेऊन निजत होतात माझ्याशेजारी? म्हणे व्रत! जळलं मेलं ते व्रत! हलू नका आता."

रागे भरत तिने झऱ्याच्या पाण्याने पाय धुतले, डोळे पुसत पदराने बेचक्या टिपल्या, नखे सरळ कापली, कोकमाचे तेल पातळ करून भेगांत भरले. जिथे तिचा हात फिरला तिथे दगडाची कातडी झाली. करंगळी हलली. निंबाजी रडता रडता हसू लागला.

तेवढ्यात शर्यतीच्या वाटेवर धप्पकन आवाज झाला. सातही पुतळ्यांनी हारांसकट बसकण मारली होती. पाय हातांत धरून ते एका सुरात म्हणाले, "हुश्श! दुखतंय!"

त्या एका शब्दाने विकटसेनाची जादू उतरली. तो अनवाणी पळाला, वाटेत त्याला काटा रुतला, आणि "दुखतंय" म्हणायला गेला तर ऐकायला कुणी नव्हते.

राजाने जोडे वितळवून पाय धुवायचे घंगाळ केले. शर्यत संपली की आधी धावकाला पाटावर बसवायचे, पाय धुऊन पाहायचे, हार मग. पंचा खुद्द राजाने धरायचा.

पुढल्या वर्षी निंबाजी चामड्याच्या बेताच्या जोड्यांत धावला आणि तिसरा आला. घरी येताच मंजुळेने विचारले, "दुखतंय का?"

"थोडंसं," तो म्हणाला.

तिने पाट पुढे सरकवला.