येसाईची शिळा आणि पाटलाचा ठिपका

चपला काढू नका, हा काही देव नव्हे. घाटाच्या चौथ्या पायरीला लागून ही जी काळी शिळा आहे, तिच्यावरचे पांढरे ठिपके बोटानं घासून बघा. खडूचे नाहीत, चुन्याचेही नाहीत. दरवर्षी नदीचं पाणी यांच्यावरून जातं आणि ते जसेच्या तसे राहतात. आमच्या टेंभवड्यात हिला येसाईची शिळा म्हणतात. चैत्रात भैरोबाची जत्रा भरते, तेव्हा पालखी आधी इथं येऊन थांबते. पाटील घराण्यातला कर्ता पुरुष शिळेवर बसतो, उजवा हात उघडा करतो आणि गोंदणारणीला आपल्या तोंडानं म्हणतो, "बाई, मला गोंद." ती एक ठिपका गोंदते. मगच पालखी उठते.

तो कर्ता पुरुष सध्या मीच आहे, रंगराव पाटील. हा बघा हात. एकतीस ठिपके आहेत, मोजून घ्या.

येणारे सगळे विचारतात, आबा, हा कसला नवस? नवस नव्हता हो. नवस असता तर आमच्या घराण्याची एवढी लाज गेली नसती.

फार मागची गोष्ट आहे. गावात तेव्हा कुसाजी पाटलाचा शब्द चालायचा. त्याच्या मुलाला, हैबतीला, येसा नावाची मुलगी करून आणली. वय वर्षं नऊ. त्या काळी असा नियम होता, असं सांगतात, की बिनगोंदल्या सुनेच्या हातचं पाणी घरात कुणी प्यायचं नाही, ते पितरांना पोचत नाही. म्हणून लग्नानंतर पाचव्या दिवशी चार बायांनी येसाचे हातपाय धरले, सासूनं, म्हणजे ठकाईनं, डोकं गच्च धरलं आणि लिंबाई नावाच्या गोंदणारणीनं तिच्या कपाळावर चंद्रकोर आणि हनुवटीवर तीन ठिपके गोंदले. पोर अशी किंचाळली म्हणे, की घाटावरच्या म्हशी उधळल्या. तुला हवंय का, असं तिला कुणीही विचारलं नाही. वरून हळद लावली, गूळ वाटला, आणि आता कशी घरंदाज दिसते म्हणाले.

येसा मोठी झाली. लिंबाई वर्षातून दोनदा गावात यायची. एका खेपेला येसा आपण होऊन तिच्यापुढं जाऊन बसली.

"लिंबामावशी, दंडावर खेकडा काढ."

"खेकडा? अगं, बाया तुळस काढत्यात, पाळणा काढत्यात."

"तुळस हाय की दारात. मला खेकडा आवडतो."

लिंबाईनं खेकडा काढला. पुढच्या खेपेला सरडा, मग टिटवी, मग करवंदीची जाळी. पोटऱ्यांवर तिनं नदीच्या लाटा काढून घेतल्या. सात-आठ वर्षांत येसाचे हात, पाठ, गळा आणि गालसुद्धा गोंदून झाले. या वेळी तिला धरायला कुणी लागलं नाही. सुया टोचत असताना ती ओव्या म्हणायची.

आता इथं सांगणारे घोळ घालतात. कुणी म्हणतं, तिची तीन मुलं गेली, त्या दुःखात तिनं अंग टोचून घेतलं. कुणी म्हणतं, देवी स्वप्नात आली. मी लहानपणी माझ्या आजोबांना खोदून खोदून विचारलं होतं. ते म्हणाले, "काही नव्हतं रे. तिला आवडायचं." एवढंसं कारण लोकांच्या घशाखाली उतरत नाही. बाईनं दुःखापायी केलं तर हे डोळे पुसतील, देवापायी केलं तर पाया पडतील. हौसेनं केलं म्हटलं, की यांच्या पोटात दुखायला लागतं. मला संताप येतो याचा. अंग तिचं, सुई तिनं सोसलेली, आणि कळ मात्र गावाला!

आणि गावाला कळ आलीच. पाणवठ्यावर बाया तिच्यापासून बाजूला सरकू लागल्या. पोरं घाबरतात, अशी आवई उठली. पोरं कशाची घाबरतात? ती तिच्या मागं लागून सरड्याच्या शेपटीला हात लावायची. शेवटी कुसाजी पाटलानं चावडीवर पंच बसवले. एकेक पंच तोच प्रश्न विचारत होता. का केलंस? कुणासाठी केलंस? कुणाला दाखवायचं होतं?

येसा म्हणाली, "नऊ वर्साची व्हते, तवा चौघींनी धरून गोंदलं. तवा कुणी का म्हनून इचारलं न्हाई. आता कशापायी इचारता?"

उत्तर नसलं की माणसं चिडतात, तसे पंच चिडले. कुसाजी म्हणाला, "चारचौघीत उठून दिसायची हौस लई वाढलीया. ही हौस मोडाया पायजे." आणि ठराव झाला. सासरनं दिलेली चंद्रकोर आणि तीन ठिपके, एवढं सौभाग्याचं लेणं ठेवायचं. गळ्यावरचं आणि तोंडावरचं बाकी सगळं बिब्ब्यानं जाळायचं. बिब्ब्याचं तेल तुम्ही शहरातल्या लोकांनी पाहिलं नसेल. अंगाला लागलं की फोड येतात आणि कातडी सोलून निघते. दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालणारे सगळीकडे असतात. आमच्या पूर्वजांनी तो सुनेच्या तोंडाला लावला.

लावणारी ठकाईच होती. हैबती, तिचा नवरा, दारात उभा राहून पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. पुढं त्यानं दुसरं लग्न केलं. आम्ही सगळे त्या दुसरीचा वंश.

पण बिब्ब्याला पंचांचा ठराव कुठला कळायला? तेल ओघळलं, चेहरा सुजला, आणि तिसऱ्या दिवशी गालावरच्या सरड्याबरोबर कपाळावरची चंद्रकोर आणि हनुवटीवरचे ठिपकेही गेले. नियमाला हातापाठीवरचं गोंदण चालत नव्हतं, कपाळावरचंच हवं; म्हणजे येसा आता बिनगोंदली झाली. ठकाईनं पाण्याच्या घागरीवर हात आडवा धरला आणि म्हणाली, "शिवू नगंस." यांनीच पुसायचं आणि यांनीच वर तोंड करून म्हणायचं, की ही कोरी आहे, हिच्या हातचं पाणी चालत नाही!

येसा घराबाहेर पडली ती या शिळेवर येऊन बसली. लिंबाई तिच्याजवळ बसून जखमांवर पाल्याचा रस लावत होती. पाच दिवस ताप उतरला नाही. पाचव्या दिवशी भर दुपारी येसा गेली.

मग अख्खं गाव घाटावर जमलं. मेल्यावर जमायला आम्हाला कधीच उशीर होत नाही. लिंबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सोनं-नाणं हितंच ऱ्हातं, मान्सासंगं निस्तं गोंदन जातं, ह्ये तुमीच सांगत आला न्हवं? मग हिचं तुमी काय जाळलं, त्ये कळलं का?" येसाला उचललं, तेव्हा तिच्याखालच्या शिळेवर हे पांढरे ठिपके उमटले होते. ही खेकड्याची नांगी, ही सरड्याची शेपटी. नीट बघितलं की दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया नदीवर आल्या आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. एकीच्याही कपाळावर चंद्रकोर नव्हती. ठकाईच्याही नव्हती. गावातल्या झाडून सगळ्या बाया बिनगोंदल्या झाल्या होत्या.

बाया घरी आल्या, त्यांनी भाकऱ्या थापल्या, ताटं वाढली, तांबे भरून ठेवले. पुरुष ताटाकडे बघत बसले. नियम त्यांचाच होता ना? बिनगोंदल्या हातचं पाणी चालत नाही. चार दिवस हे मर्द म्हणे ओले हरभरे खाऊन आणि डोंगरातल्या झऱ्यावर तोंड लावून राहिले. कुणी चूल पेटवायला गेला आणि मिशी जाळून बसला. नियम मोडावा, असं चार दिवसांत एकाच्याही मनात आलं नाही, यावरून आमच्या अकलेचा अंदाज घ्या.

पाचव्या दिवशी कुसाजीनं लिंबाईला हुकूम सोडला, सगळ्यांना पुन्हा गोंद. लिंबाईनं सुया टोचल्या, पण काजळी कातडीत उतरेना. पाण्यासारखी ओघळून जाई.

लिंबाई म्हणाली, "धरून आनलेल्या अंगात ही आता उतरायची न्हाई, पाटील. जो मागंल, त्येच्यातच उतरंल. कोन मागतंय?"

बाया हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. एकीनंही मागितलं नाही. ठकाई सगळ्यांच्या पुढं होती. ती नवऱ्याला म्हणाली, "तुमीच मागा की."

कुसाजी पाटील या शिळेवर बसला. त्यानं उजवा हात उघडा केला आणि म्हणाला, "बाई, मला गोंद." पहिली सुई टोचली आणि तो मोठ्यानं ओरडला. नऊ वर्षांच्या पोरीला जे सोसायला लावलं होतं, त्यातला हा एकच ठिपका. तो रडला म्हणे. काजळी मात्र कातडीत उतरली.

त्या दिवशी पाण्याचा नियम मोडला आणि दोन नवे झाले. धरून कुणाला गोंदायचं नाही. आणि स्वतःच्या अंगाचं कुणी काहीही केलं, तर का म्हणून विचारायचं नाही.

ते विसरू नये म्हणून पाटलानं दरवर्षी जत्रेला एक ठिपका मागून घ्यायचा, असंही ठरलं; आजही आमच्या हातावर ठिपका घेतल्याशिवाय भैरोबाची पालखी उठत नाही. ठिपका आम्ही नेमानं पाळला. दुसरा नियम किती पाळला, ते माझ्या तोंडून ऐका. गेल्या दिवाळीला माझी नात शर्वरी पुण्याहून आली. मानेपासून कानामागं गेलेली वेल, खालच्या ओठात कडी, कानाच्या पाळ्या ताणून त्यात लाकडी चकत्या. मी ओसरीवर बसलो होतो. तीस ठिपक्यांचा हा हात वर करून मी ओरडलो, "हे काय करून घेतलंस? का? कोण करणार तुझ्याशी लग्न?" तिनं पाठीवरची बॅग खाली ठेवलीच नव्हती. तशीच वळून ती एस.टी.ला गेली.

यंदा चैत्रात मी या शिळेवर बसलो, हात उघडा केला आणि म्हणालो, "बाई, मला गोंद." गोंदणारणीनं ठिपका काढला. पालखी उठली, ढोल वाजले, सगळं रीतसर झालं. शर्वरी जत्रेला आली नाही. याआधी तिनं एकही जत्रा चुकवली नव्हती.