राशीचं वस्त्र

केळझरी गावाच्या खालच्या अंगाला, ओढा जिथे वळसा घेऊन चिंचेच्या बनात शिरतो तिथे, दयाळगिरी महाराजांचा मठ होता. मठ म्हणजे तरी काय, एक कौलारू ओसरी, तिच्यापुढे अखंड जळणारी धुनी आणि धुनीपाशी बसलेले महाराज. बोलणं मोजकं, पण जो आला त्याला आधी ‘जेवलास का?’ हे विचारायचे आणि मग बाकीचं. माघात त्यांच्या गुरूंची पुण्यतिथी यायची. त्या दिवशी मठात भंडारा व्हायचा आणि आसपासच्या गावांतून माणूस लोटायचा. सकाळपासून उपाशी राहून, दर्शन घेऊन, मग प्रसादाला बसायचं अशी तिथली रीत होती.

या भंडाऱ्याचा भात पातेल्यात ठेवत नसत. चटयांवर स्वच्छ धुतलेली लांबलचक वस्त्रं अंथरायची आणि त्यांवर वाफाळता भात ओतून डोंगरासारखी रास करायची. तिला म्हणायचे अन्नपूर्णेची रास. महाराज राशीला हात जोडायचे, मगच वाढपी पुढे व्हायचे. आता उघड्या वस्त्रावर अन्न ठेवायचं, म्हणजे ते वस्त्र कसं धुतलेलं हवं ते सांगायला नको. ते धुण्याचा मान ठकूबाईचा होता.

ठकूबाई गावातली एकटी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरबाळ नाही, लोकांकडे दळण-कांडण करून पोट भरायची. हातात पैसा म्हणजे कधीतरी दिसणारा पाहुणा. पण बाई हिकमती. बाजारचा साबण तिनं कधी घेतला नाही, घरीच करायची. चुलीतली बाभळीची राख चाळून मडक्यात भरायची. मडक्याच्या बुडाला भोक, भोकावर पेंढा. वरून पाणी ओतलं की खालून थेंब थेंब तांबूस खाराचं पाणी उतरायचं. तेल्याच्या घाण्याखाली करडईचा गाळ उरायचा, तो तिला फुकटासारखा मिळायचा. गाळ आणि खाराचं पाणी मंद आचेवर चढवायचं आणि घोटत बसायचं. हात भरून यायचे, पण ठकूबाई तोंडानं ‘दत्त दत्त’ म्हणत घोटतच राहायची. शेवटी मिठाची मूठ टाकली की वर दाट साय जमायची. ती करवंटीत ओतायची, वाळली की झाली साबणाची वडी. दिसायला गुळाच्या ढेपेसारखी, ओबडधोबड आणि काळपट. रूप नाही, रंग नाही, पण मळाची मात्र खैर नसायची.

ठकूबाईचा एक हट्ट होता. कपडा धुतला, पिळला, की ती तो नाकाला लावून बघायची. साबणाचा जरासा जरी वास आला तरी परत ओढ्यात. सोबतच्या बाया हसायच्या, म्हणायच्या, “ठकूमावशे, कपडा धुतेस का हुंगतेस?”

ती म्हणायची, “अगं, साबणानं काम करावं आन् निघून जावं. मागं राहिला तर तोही मळच की.”

हळूहळू गावातल्या बाया तिच्याकडून साबण करायला शिकल्या. चार पैसे वाचू लागले तसं कुणाच्या पोराला पाटी आली, कुणाच्या घरात तुपाची धार आली. ठकूबाईनंही साबणाचे वाचवलेले पैसे गाठीला बांधत बांधत एक मांजरपाटाचं फडकं घेतलं. स्वतःच्या अंगाला नाही हो. तिच्या मनात होतं, कधीतरी आपलंही वस्त्र महाराजांच्या राशीला लागावं. पण मठाची वस्त्रं लांबरुंद, आणि हिचं फडकं टोपलीवर झाकायच्या मापाचं. म्हणून ती ते दर भंडाऱ्याला धुऊन, घडी घालून, नुसतंच घरी ठेवून द्यायची.

आता या सगळ्याचा त्रास कुणाला व्हावा? नागोशेटला! गावात किराण्याचं एकच दुकान, ते त्याचं. शहराकडून त्यानं नव्यानं साबणाची खोकी आणली होती. गुलाबी रंग, गुळगुळीत अंग आणि वास असा की खोकं फोडलं तर वेशीपर्यंत जावा. पण गिऱ्हाईक फिरकेना. बाया दुकानासमोरून करवंट्या घेऊन ओढ्यावर जायच्या आणि नागोशेटचा जीव वरखाली व्हायचा.

ठकूबाई मीठ घ्यायला आली की तो चारचौघांत म्हणायचा, “या, राखबाई या. काय, चूल धुऊन साबण केला का साबण धुऊन चूल पेटवली?” लोक हसायचे. ठकूबाई मीठ पदरात घ्यायची आणि निघायची. तिला वाईट वाटत नसे असं नाही. पण गरिबानं उत्तर दिलं की ते उद्धट ठरतं, हे तिला ठाऊक होतं.

त्या वर्षी भंडारा तोंडावर आला आणि नागोशेट मठाचे कारभारी कोंडोपंत यांच्याकडे गेला. म्हणाला, “पंत, यंदा राशीची वस्त्रं माझ्याकडून. गिरणीची कोरी, पांढरीशुभ्र. आणि ती धुणार माझी माणसं, माझ्या साबणानं. देवाच्या अन्नाखाली राखेत बुडवलेलं कापड किती दिवस घालायचं? जेवणाऱ्यालाही कळू दे की यंदा वस्त्र कुणी दिलं.”

कोंडोपंत वाईट माणूस नव्हता, पण दात्यापुढे त्याची मान आपोआप खाली जायची. त्यानं होकार दिला आणि ठकूबाईला निरोप धाडला की यंदा वस्त्रं धुवायला यायची गरज नाही.

ठकूबाईला वाटलं, कुणीतरी काळजाचा लचकाच तोडला. वर्षभर दुसऱ्यांचं दळायचं, दुसऱ्यांचं कांडायचं आणि एक दिवस महाराजांच्या अन्नाला आपला हात लागायचा, एवढंच तिच्या जन्माचं सोनं. तेही गेलं. ती तडक मठात आली आणि धुनीपाशी बसून पदरानं डोळे पुसू लागली.

महाराजांनी विचारलं, “जेवलीस का, माय?”

“घास उतरंना, महाराज. माजं काय चुकलं? वस्त्राला कधी डाग राहिला का? कधी माती लागली का?”

“नाही लागली.”

“मग शेट म्हणतो म्हणून मी वंगाळ झाले?”

महाराजांनी धुनीत एक लाकूड सरकवलं. मग म्हणाले, “तुझ्या घरी मांजरपाटाचं एक फडकं आहे ना?”

ठकूबाई चपापली. फडक्याची गोष्ट तिनं कुणापाशी काढली नव्हती.

“हाय, महाराज. पर केवढंसं. त्याचा काय उपेग?”

“ते धुऊन ठेव. दरसाल धुतेस तसंच, काही कमी करू नकोस, काही जास्त करू नकोस. आणि भंडाऱ्याला येताना कमरेला खोचून आण. लागेल.” एवढं बोलून महाराजांनी धुनीतली चिमूटभर राख तिच्या तळहातावर ठेवली. ती राख तिनं घरी जाऊन साबणाच्या उरलेल्या वडीला लावली आणि फडकं धुवायला ओढा गाठला. धुतलं, पिळलं, नाकाला लावलं, पुन्हा पाण्यात घातलं. वास गेला तेव्हाच बाई घरी आली.

भंडाऱ्याचा दिवस उजाडला. मठापुढे माणसांचा पूर लोटला होता. नागोशेट नवं उपरणं घालून, वस्त्रं अंथरताना जातीनं उभा. “जपून रे, सुरकुती पडता कामा नये. गिरणीचं कापड आहे.” खरंच, वस्त्रं अशी पांढरी की उन्हात डोळे दिपावेत. ठकूबाई बायांच्या मागे, पार कुंपणाला टेकून बसली होती. नागोशेटनं तिला पाहिलं आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, “राखबाई, बघून घ्या, याला म्हणतात धुणं.”

आचाऱ्यांनी कढत भात वस्त्रांवर ओतायला सुरुवात केली. एक घंगाळ, दुसरं घंगाळ, रास वाढत गेली, वाफेचे लोट उठले. आणि त्या वाफेबरोबर वास उठला. भाताचा नव्हे, गुलाबाचा! कढत भात खालच्या कापडाला भिडला आणि कापडात दडून बसलेला साबण जागा झाला. आधी आचारी एकमेकांकडे बघू लागले. मग वाढपी. एका म्हाताऱ्या वाढप्यानं दोन शितं जिभेवर टाकली आणि तोंड कडू करून थुंकून दिली.

“भात नव्हे हा. हा तर न्हाणीघराचा मसाला आहे,” तो म्हणाला.

नागोशेट आचाऱ्यांवर खेकसला, “पाणी कसलं वापरलंत?” पण आचाऱ्यानं शांतपणे वस्त्राचं टोक उचलून त्याच्या नाकापाशी धरलं. नागोशेटचा चेहरा पडला. धुणाऱ्यांना त्यानंच बजावलं होतं, साबण सढळ लावा आणि फार खळबळू नका, वास राहिला पाहिजे. आता त्यानं मागितलेला वास राहिला होता, तोही चांगला भरपूर.

पंगती बसलेल्या. पत्रावळी मांडलेल्या. दूरदूरची माणसं, म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या, सकाळपासून पाण्यावर. कोठीतला सगळा तांदूळ शिजून राशीत गेलेला, शिल्लक दाणा नाही. कोंडोपंतानं कोठी पुन्हा उघडून पाहिली. महाराजांच्या भंडाऱ्यातून आजवर माणूस उपाशी गेला नव्हता, आणि आज सगळं गाव उपाशी परत जाणार होतं. तो धावत धुनीपाशी गेला आणि महाराजांच्या पायांवर पडला.

महाराज उठले. राशीपाशी आले, क्षणभर वास घेतला आणि हसले. “छान वास आहे. पण भुकेल्याला तो खाता येत नाही.” मग कुंपणाकडे पाहून त्यांनी हाक मारली, “ठकूमाय, आणलंस का?”

सगळ्यांच्या माना वळल्या. महाराजांची हाक म्हणजे हाक. ठकूबाई वाट काढत पुढे आली, कमरेची घडी सोडली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. राशीपुढे ते फडकं असं दिसत होतं, जणू हत्तीच्या पाठीवर रुमाल.

नागोशेटला एवढ्या नामुष्कीतही राहवलं नाही. तो पुटपुटला, “एवढ्याशा चिंधीनं काय होणार?”

“शेट, तुमच्या मोठ्या वस्त्रानं काय झालं ते पाहिलं,” महाराज म्हणाले. “आता लहान वस्त्राचं पाहू.”

त्यांनी ते फडकं राशीच्या माथ्यावर घातलं, वर हात ठेवला आणि डोळे मिटले. “दत्तगुरूंचं नाव घ्या रे.” माणसांनी घेतलं. आधी भीत भीत, मग मोकळ्या गळ्यानं, आणि चिंचेचं बन त्या नामानं भरून गेलं. ठकूबाईचं नाम मात्र ओठांतच होतं. ती फडक्याकडे टक लावून बघत होती. वाफ राशीतून वर चढत होती आणि त्या फडक्यात शिरत होती, आणि फडक्याच्या पलीकडे काही येत नव्हतं.

महाराजांनी डोळे उघडले, फडक्याचं एक टोक उचललं आणि म्हाताऱ्या वाढप्याला म्हणाले, “बघ आता.”

त्यानं घाबरत घाबरत शितं तोंडात टाकली. चावली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “महाराज, नव्या तांदळाचा वास येतोय हो. माझ्या आईच्या हातच्या भाताचा.”

“मग उभा काय राहिलास? वाढ. या टोकाखालून काढत जा, फडकं मात्र उचलू नकोस.”

वाढपी सुटले. पंगत उठली, दुसरी बसली, तीही उठली. टोपल्या भरून जात होत्या आणि फडक्याखालची रास होती तशीच होती. गावची, परगावची, वाटेवरची माणसं जेवली, भिकारी जेवले, बैलगाड्यांवरचे गडी जेवले. शेवटी महाराजांनी विचारलं, “कुणी राहिलं का?” आणि कुणीच उरलेलं नाही असं कळल्यावर फडकं उचललं. खाली चार माणसांपुरता भात होता. तो महाराज, कोंडोपंत, ठकूबाई आणि नागोशेट यांच्यासाठी.

महाराजांनी फडकं नागोशेटच्या हातात दिलं. “वास घ्या, शेट.”

नागोशेटनं ते नाकाला लावलं. साऱ्या राशीचा गुलाब त्या वीतभर फडक्यात येऊन बसला होता. खोकं फोडावं तसा वास. शेटला ठसका लागला.

महाराज म्हणाले, “या बाईनं ते इतकं धुतलं होतं की त्यात तिचं काहीच उरलं नव्हतं. साबणाचा वास नाही, मानाचाही नाही. म्हणून तुमचा सगळा वास त्यात मावला. सेवा करावी, शेट, आणि निघून जावं. आपण मागे दरवळत राहिलो की देवाचा भातसुद्धा कडू होतो.”

नागोशेट उभ्या उभ्या रडला. त्यानं आधी महाराजांचे पाय धरले. मग वळला आणि सगळ्या गावादेखत, ज्या बाईला तो राखबाई म्हणायचा तिच्यापुढे डोकं टेकलं. ठकूबाई घाईघाईनं मागे सरली. “अवो शेट, उठा. भात निवतोय.” त्या दिवशी ते दोघं शेजारी शेजारी पत्रावळ घेऊन बसले.

जेवणं झाल्यावर ठकूबाईनं फडकं ओढ्यावर नेलं. पाण्यात बुडवताच गुलाबाचा वास निघाला आणि धारेबरोबर वाहून गेला. मठात ते फडकं पुढे राशीच्या माथ्यावरच घालू लागले.

पुढल्या माघात केळझरीकरांनी एक नवल पाहिलं. राशीची वस्त्रं धुवायला ठकूबाईबरोबर ओढ्यात नागोशेट उभा होता, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, हातात करवंटीच्या आकाराची काळपट वडी. सकाळभर त्यानं घासलं, आपटलं, खळबळलं. पाठीचा काटा ढिला झाला. शेवटी एक वस्त्र पिळून त्यानं ते अदबीनं ठकूबाईपुढे धरलं.

“बघा, ठकूबाई. आता झालं ना?”

ठकूबाईनं वस्त्र नाकाला लावलं.

“अजून एक पाणी, शेट.”

आणि नागोशेट पुन्हा ओढ्यात उतरला.