समोरच्याची वही

एकदा एका शिष्येने आपल्या वृद्ध गुरुजींकडे त्यांची गाणी मागितली, आणि गुरुजींनी तिला दुसऱ्याच माणसाच्या गाण्यांची वही काढून दिली.

गुरुजी म्हणजे तालुक्याच्या गावातले निवृत्त शिक्षक. सकाळी मुलांना गणित शिकवायचे आणि जत्रेच्या दिवसांत डफ घेऊन कलगी-तुऱ्याला उभे राहायचे. शिवाचा महिमा गाणारे ते तुरेवाले आणि शक्तीचा महिमा गाणारे ते कलगीवाले, हे आपणास ठाऊक असेलच. एका फडाने गाण्यातून कोडे घालायचे, दुसऱ्याने गाण्यातूनच ते सोडवायचे. गुरुजी तुऱ्याचे. त्यांच्यासमोर चाळीस वर्षे कलगीकडून उभे राहिले ते शेजारच्या गावचे ज्ञानू इंगवले. दोघांचे कधी एका गोष्टीवर एकमत झाले नाही.

शिष्येचा फड वेगळा होता. तिने दहा वर्षांपूर्वी इंटरनेटवर मराठी गप्पांचे एक संकेतस्थळ काढले होते. भरल्या वांग्यात दाण्याचे कूट घालावे की तीळ, येथपासून म्हाताऱ्या आईवडिलांना कोणी सांभाळावे, येथपर्यंत तेथे सगळे चाले. कोणी चर्चेचा धागा काढावा, इतरांनी प्रतिसाद द्यावेत. त्यात एक सदस्य होता, ‘मिरगुंड’ या नावाने लिहिणारा. कोणी काहीही म्हणो, याचा प्रतिसाद एकाच शब्दाने सुरू होई: असहमत.

हा मिरगुंड काही साधुपुरुष नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. त्याच्या बोलण्याला धार होती आणि ती कधीकधी नको तिथे लागे. आईवडिलांच्या धाग्यावर त्याने एका बाईंना असे काही सुनावले, की त्या संकेतस्थळ सोडून गेल्या. तक्रारींचा ढीग झाला. शिष्येने वैतागून त्याचे खाते बंद केले. तेवढ्यावर न थांबता, ‘या सदस्याचे सर्व लेखन काढून टाका’ असे एक बटण होते, तेही दाबले. सहा वर्षांचे लेखन एका क्षणात गेले.

त्यानंतर मोठी शांतता नांदली. कोणी काही लिहिले की खाली ‘सहमत’, ‘अगदी मनातलं बोललात’, आणि फुलांची चित्रे. तिसऱ्या प्रतिसादाला धागा संपून जाई. आता जिथे सगळ्यांनाच सगळे पटते, तिथे माणसे बोलायला कशाला येतील? हळूहळू ती यायची थांबली.

दहाव्या वर्धापनदिनानिमित्त निवडक चर्चांचा अंक काढावा, म्हणून शिष्या जुने धागे चाळू लागली आणि तेव्हा तिला आपल्या हातून काय झाले ते दिसले. जे जे उत्तम लिहिले गेले होते ते मिरगुंडला उत्तर म्हणून लिहिले होते. उत्तरे तेवढी उरली होती, वाऱ्यावर बोलल्यासारखी. तिचा स्वतःचा एक प्रतिसाद होता. ‘नाही, तसं नाही. मी गेले की आधी आईच्या केसांना तेल लावते. ती डोळे मिटून बसते आणि मला माझ्या आजीच्या नावाने हाक मारते.’ आई आता नव्हती. हे आपण त्याच्या कोणत्या बोलण्यावर लिहिले, ते काही केल्या तिला आठवेना. आठवेल म्हणून ती धागा पुन्हापुन्हा वाचत राही, आणि दर वेळी ती मोकळी जागा पाहून तिला रडू येई.

निदान अंकात गुरुजींची गाणी तरी असावीत, म्हणून ती गुरुजींकडे गेली होती आणि मिरगुंडची सगळी हकिगत तिने त्यांना सांगितली होती. आणि त्यांनी दिलेल्या वहीत, त्यांच्याच वळणदार अक्षरात, सगळी गाणी ज्ञानू इंगवल्यांची होती. प्रत्येकाच्या शेवटी ज्ञानूचे नाव. दोनतीन गाण्यांत तर तुऱ्याच्या मास्तरांची यथेच्छ टिंगल होती, तीही गुरुजींनी एक शब्द न गाळता उतरवलेली. काही चूक झाली असेल असे वाटून तिने वही परत पुढे केली आणि तुमची गाणी कुठे आहेत असे विचारले.

गुरुजी म्हणाले, “माझी ज्ञानूच्या वहीत. जत्रेतून घरी आलो की मी त्याचा सवाल उतरवून घ्यायचो, तो माझा. उत्तर द्यायचं तर आधी त्याचं म्हणणं नीट समजायला नको का? तो गेल्यावर पोरं शहरात गेली. वही कुठं गेली देव जाणे.”

तिला वाईट वाटले. चाळीस वर्षांची रचना अशी गेली, असे ती म्हणाली.

“त्याचं नाही एवढं वाटत,” गुरुजी म्हणाले. “सवाल हाताशी आहेत, उत्तरं पुन्हा रचता येतात. सवालच गेले असते तर मी काय गायलो असतो ते मलासुद्धा कळलं नसतं.” त्यांनी वहीचे शेवटचे लिहिलेले पान उघडले. “हा त्याचा शेवटचा सवाल, चार वर्षांपूर्वीचा. तेव्हा मला जमला नाही. परवा अंघोळ करताना उत्तर सुचलं बघ. टॉवेल गुंडाळूनच बाहेर आलो. आणि मग कळेना, कुणाला म्हणून दाखवू.”

त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. मग त्यांनी विचारले, “तुझा तो माणूस आहे का गं अजून?”

“माहीत नाही, गुरुजी.”

“मग बघ की बाई. माझ्यासारखी बसू नकोस.”

खाते उघडताना मिरगुंडने दिलेला ईमेल पत्ता तिने शोधून काढला आणि पत्र लिहिले. चूक सर्वस्वी आपली होती, तुमच्याबरोबर आमचेही बोलणे पुसले गेले, जमल्यास परत या, असा त्याचा आशय. नऊ दिवस काहीच आले नाही. दहाव्या दिवशी सकाळी उत्तर आले. तिने लगेच गुरुजींना फोन लावला आणि ते वाचून दाखवले.

“असहमत. चूक सर्वस्वी तुमची नव्हती. त्या बाईंना मी तसं बोलायला नको होतं, त्यांचा पत्ता असेल तर द्या. आणि आईबद्दल तुम्ही लिहिलं होतं ते माझ्या लक्षात आहे. मी विचारलं होतं, तुम्ही आईला भेटायला जाता, की हजेरी लावायला? तुमचं उत्तर वाचून मी गावी गेलो होतो. ते तुम्हाला सांगायचं राहिलं.”

गुरुजींनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, “पहिला शब्द पुन्हा वाच.”

तिने वाचला.

“नशीबवान आहेस,” ते म्हणाले.