चेहऱ्याखालचे पन्नास शब्द

एकदा एक तरुण कॅमेरावाला भर दुपारी आपल्या वृद्ध गुरूंच्या फोटो स्टुडिओत आला आणि उभ्या उभ्याच विचारू लागला की, एकदा बाजारात गेलेले चित्र परत कसे घ्यायचे. गुरूंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, खुर्ची पुढे सरकवली आणि आधी बस म्हणाले.

तरुणाचे नाव अभिनंदन. गुरूंना सारे गाव अण्णा म्हणत असे. चाळीस वर्षे त्यांनी गावाचे फोटो काढले होते. लग्नाचे, नोकरीच्या अर्जाचे, आणि माणूस गेल्यावर भिंतीवर लावायचे सुद्धा. अभिनंदन त्यांच्याकडेच प्रकाश ओळखायला शिकला होता. पुढे त्याने आपला वेगळा धंदा मांडला, आणि तो धंदा नव्या काळातला होता.

हा धंदा म्हणजे तयार चित्रफितींचा बाजार. तो कोणत्या गल्लीत भरत नाही, इंटरनेटवर भरतो. कुणी भाकरी थापणारे हात टिपतो, कुणी वर्गात उत्तर द्यायला धडपडणारी मुले टिपतो. दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा करून तिथे ठेवतो. जगात कुठेतरी कुणाला जाहिरात करायची असते, कुणाला माहितीपट. त्यांना स्वतः कॅमेरा घेऊन उन्हातान्हात हिंडायचे नसते. ते येतात, शोधतात, वापरायचा परवाना घेतात आणि निघून जातात. ज्याचा चेहरा त्यात दिसतो, त्याची संमतीपत्रावर आधीच सही घेतलेली असते. कोणत्याही कामासाठी, कुठेही, कायमचे, असे त्यात लिहिलेले असते. सही करणारा ते वाचत नाही आणि सही घेणारा ते वाचून दाखवत नाही.

आता लाखो तुकड्यांतून आपला तुकडा गिऱ्हाइकाला सापडायचा कसा? त्यासाठी प्रत्येक तुकड्याखाली शोधशब्द लिहायचे असतात. पन्नासपर्यंत मुभा. शब्द जितके जास्त, तितकी नजरेस पडण्याची शक्यता जास्त, म्हणून या धंद्यातले लोक पन्नासच्या पन्नास भरतात. दहा खरे असतात, वीस जवळपासचे असतात, उरलेले नुसती भरती. कुणी तपासत नाही. अभिनंदनही तसेच करी, आणि त्यात त्याला कधी काही वावगे वाटले नाही.

एसटी स्टँडच्या मागे सुंद्राक्काची खाणावळ होती. अभिनंदनचे घर दूरच्या खेड्यात, त्यामुळे तीन वर्षे तो दोन्ही वेळा तिच्याकडेच जेवत होता. तापाने पडला तेव्हा तिने त्याच्या खोलीवर मऊ भात पाठवला होता. विधवा बाई, मूलबाळ नाही. तिचे जे काही होते ते त्या आठ टेबलांवर होते. एके सकाळी ती आमटीला फोडणी देत होती. तेल तापले होते, त्यात सुक्या मिरच्या पडल्या आणि ठसका उठला. तिने पदर तोंडाला लावला, डोळ्यांत पाणी आले, आणि वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा नेमका तिच्या चेहऱ्यावर आला होता. अभिनंदनने अकरा सेकंद टिपले. चित्र सुंदर होते, यात वाद नाही. सही करताना ती एवढेच म्हणाली की, मेल्या, तोंड तरी धुऊन येऊ द्यायचं होतंस.

खोलीवर जाऊन तो शब्द लिहायला बसला. स्त्री, स्वयंपाक, चूल, फोडणी, पदर, सकाळ, गाव. तिसावर येऊन गाडी अडली. मग त्याने चित्राकडे पुन्हा पाहिले आणि दिसेल ते, सुचेल ते भरले. खोकला. आजारी. गरिबी. अशक्त. दमा. फुप्फुस. पन्नासावा शब्द त्याने लिहिला तो क्षयरोग. संगणक मिटला आणि सुंद्राक्काकडे जाऊन पोटभर जेवला.

तीन-साडेतीन महिन्यांनी कुठल्याशा एका संस्थेने क्षयरोगाविषयी जागृतीची छोटी फिल्म केली. हेतू चांगलाच असेल, मी नाही म्हणत नाही. फिल्म करणाऱ्याने बाजारात जाऊन तो शब्द टाकला आणि सुंद्राक्का त्याच्यापुढे आली. त्याने परवाना घेतला. फिल्ममध्ये अकराच्या अकरा सेकंद ती खोकते आहे, डोळे पुसते आहे, आणि मागून धीरगंभीर आवाज सांगतो आहे की, हा आजार तुमच्या शेजारीही असू शकतो. ती फिल्म गावातल्या प्रत्येक फोनवर फिरली. शेजारी म्हणजे कोण, हे गावाला वेगळे सांगावे लागले नाही.

आठ दिवसांत खाणावळीतली पाने निम्म्यावर आली. ड्रायव्हर-कंडक्टर आधी गेले, मग आयटीआयची मुले, मग बँकेतले दोघे. भांडण कुणी केले नाही. कुणाचे पथ्य सुरू झाले, कुणाची बायको माहेराहून परत आली. खरोखरच आजार असता तरी औषध घेणाऱ्या माणसाला असे वाळीत टाकायचे कारण नव्हते. पण शहाणपण फोनवरून फिरत नाही. सुंद्राक्काने डॉक्टरांकडून तपासून घेतले, काही नाही असे लिहून आणले आणि तो कागद काचेच्या चौकटीत गल्ल्यामागे टांगला. लोक म्हणाले, काही नसतं तर एवढी चौकट कशाला केली असती.

अभिनंदननेही ती फिल्म पाहिली. कोणत्या तोंडाने तिच्यापुढे पानावर बसायचे, हे त्याला कळेना. त्या दिवसापासून तो दुसरीकडून डबा मागवू लागला आणि स्टँडवर जायचे झाले तरी वळसा घालून जाऊ लागला. त्याने बाजाराच्या मालकांना पत्रे लिहिली. त्यांनी चित्र दुकानातून काढले. पण दिलेला परवाना दिलेला, तो परत घेता येत नाही, असे नम्रपणे कळवले. म्हणून तो आता अण्णांपुढे बसला होता.

अण्णांनी सारे ऐकून घेतले. उठून त्यांनी कॅमेरा तिवईवर लावला आणि तोंड माझ्याकडे कर म्हणाले. अभिनंदनला वाटले म्हाताऱ्याचे लक्ष नाही. तो कपाळाला हात लावून तसाच बसून राहिला आणि अण्णांनी त्याला तसाच टिपला. मग तो तुकडा संगणकावर चढवून त्यांनी खुर्ची सोडली.

"बस इथे. आता याखाली शब्द लिही," ते म्हणाले.

गुरूंचे ऐकायची सवय होती म्हणून तो बसला. तरुण, पुरुष, विचार, चिंता, खिडकी, दुपार, स्टुडिओ. बाराव्या-तेराव्या शब्दाला त्याचा हात थांबला. अण्णा म्हणाले, पन्नास भर, धंद्याची रीत मोडू नकोस. त्याच्याने होईना, तेव्हा अण्णांनी कीबोर्ड ओढून घेतला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, स्वतः लिहू लागले. बेकार. दारू. व्यसनी. जुगार. फसवणूक. आरोपी. वेडसर. प्रत्येक शब्द लिहून ते पडद्यावरच्या चेहऱ्याकडे पाहत आणि शोभतो की म्हणत. खरोखरच प्रत्येक शब्द शोभत होता. पन्नास पुरे झाल्यावर त्यांनी अभिनंदनच्याच पिशवीतून एक कोरे संमतीपत्र काढून त्याच्यापुढे ठेवले आणि पेन उघडून हातात दिले.

अभिनंदनने तो कागद वाचला. आजवर त्याने तीनशे माणसांच्या सह्या तशाच कागदांवर घेतल्या होत्या. वाचायची ही पहिलीच वेळ. मग त्याने पेन खाली ठेवले.

"अण्णा, धाकट्या बहिणीचं जमतंय. त्या लोकांनी हे पाहिलं तर?"

"तू तसा नाहीस ना? मग भितोस कशाला?"

अण्णा त्याच्यासमोर बसले आणि सावकाश बोलू लागले.

"तू म्हणतोस, फिल्मवाल्याने अन्याय केला. त्याने काय केलं? त्याने शब्द मागितला, तो त्याला मिळाला. तुमच्या बाजारात चेहरा कुणी शोधत नाही, शब्द शोधतात. चेहरा त्याच्यामागून ओढला जातो. मी चाळीस वर्षं फोटोच्या पाकिटावर तीनच गोष्टी लिहिल्या. माणसाचं नाव, त्याचं गाव आणि फोटो कशासाठी काढला ते. चौथं मला ठाऊक नसायचं, म्हणून लिहिलं नाही. तुला तर ठाऊक होतं की ती मिरचीने खोकतेय. तरी तू लिहिलंस, कारण रकाना रिकामा होता. कॅमेरा तुझा खोटं बोलला नाही. तू बोललास. आणि कुणाचं वाईट व्हावं म्हणूनही नाही, नुसती जागा भरायला."

एवढे बोलून अण्णांनी त्याच्यादेखत तो तुकडा पुसून टाकला. हा अजून माझ्या टेबलावर होता म्हणून पुसता आला, असेही म्हणाले. मग त्यांनी कबूल केले की, प्रकाश, चौकट सारे आपण शिकवले. हे एवढे शिकवायचे राहिले, आणि त्यातला आपला वाटा आपण नाकारत नाही. शेवटी त्यांनी त्याला सांगितले की, जा, तिला सांगून ये. सांगून काय होणार, असे अभिनंदनने विचारले. तिचे गेलेले परत यायचे नाही, अण्णा म्हणाले, पण हा शब्द आला कुठून, एवढे तरी तिला कळू दे.

तो गेला. खाणावळीची टेबले एकावर एक रचली होती. मोठी पातेली पोत्यात बांधून दाराशी ठेवली होती. सुंद्राक्का भावाच्या गावी निघाली होती; भावजयीच्या हाताखाली दिवस काढायचे, दुसरे काय. ती बाहेरच्या बाकावर बसून टेम्पोची वाट पाहत होती. अभिनंदन तिच्यासमोर उभा राहिला आणि एकही गोष्ट न लपवता सारे सांगितले. पन्नास शब्दांची रीत, तिसावर अडलेली गाडी, शेवटचा शब्द. आपण लिहिला, हेही सांगितले. मग तो शिव्यांची वाट पाहत थांबला. मनातून त्याला त्या हव्याच होत्या.

तिने शिव्या दिल्या नाहीत. शब्दबिब्द तिला फारसे कळलेही नसावे. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "ते तुझं काय लिवायचं आसंल ते आसंल. चुकलास. माणूस चुकतोय. पर लिवलंस त्या दिवशी बी तू माज्याकडंच जेवलास न्हवं?"

तो हो म्हणाला.

"म्हंजे मला तसलं काय न्हाई, हे डॉक्टरच्या आदी तुला ठावं हुतं. ती फिलम आली, तवा ज्यो आला त्याला मी सांगत हुतो, आरं, ज्या पोरानं ही काढली, त्यो दोन येळा हितंच जेवतोय, त्याला इचारा. लोक तुज्या टेबलाकडं बगायचे. टेबल मोकळं." ती टेम्पोच्या वाटेकडे बघू लागली. "मग ते म्हनाले, काढणारा पोरगाच यायचा बंद झालाय, त्याला ठावं असनारच की."

टेम्पो आला. अभिनंदनने पातेली चढवायला हात लावला, तिने लावू दिला. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तरी तो तिथेच उभा होता. आपण पन्नास शब्द लिहून तिला जेवढे बुडवले नव्हते तेवढे वळसा घालून जाताना बुडवले, हे त्याला समजले, आणि ते सांगायला आता तिथे कुणी नव्हते. अण्णांनी पुढे कधी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

आपल्यापुरते इतकेच, की ज्याचे खरे आपल्याला ठाऊक आहे, त्याच्या पंगतीतून शरमेपोटीसुद्धा उठू नये. आपली शरम लोकांना पुरावा वाटते.